थांबण्याची ऐपत

(स्मृती व्याख्यानमालेतील शेवटच्या पुष्पाचा मुद्रित पाठ. विषय : ज्येष्ठ कलावंतांची दीर्घ कारकीर्द)



ज्या गुरुजींच्या नावानं ही माला चालते, ते दिवसा शाळेत शिकवत आणि संध्याकाळी पेटीची साथ करत. म्हातारपणीही त्यांचा हात गोड राहिला, याचं आपण सगळे कौतुक करतो. त्यांची शाळेतली नोकरी मात्र कुणी फारशी काढत नाही. आज मला त्या नोकरीबद्दल बोलायचं आहे. म्हणजे गुरुजींच्याच नव्हे, तर मोठ्या कलावंतांच्या चरित्रात जो भाग आपण भराभर उलटून पुढं जातो, त्या सगळ्या भागाबद्दल.

मी गाणारा नाही. संगीत मंडळाच्या कार्यकारिणीत बसून हिशेब लिहिणारा माणूस आहे. कुठल्या कलावंताची बिदागी किती, तबलजीच्या पाकिटात काय गेलं, सभागृहाचं भाडं कसं चुकवलं, हे माझं क्षेत्र. त्यामुळे 'चार दशकं गाणारा', 'सहा दशकं रंगमंच गाजवणारा' अशी विशेषणं कार्यक्रमपत्रिकेत वाचली की मला हिशेबी प्रश्न पडतो : ही सहा दशकं चालली कशावर? दैवी देणगी, कठोर रियाज, गुरुकृपा ही उत्तरं आपल्याला पाठ आहेत आणि ती खोटी नाहीत. पण देणगी आणि रियाज असूनही चाळिशीत संपलेले लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. तेव्हा आणखी काहीतरी लागतं.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. संगीतात दीर्घ काळ टिकायचं तर मध्येच थांबण्याची ऐपत लागते. गळा बसला, शरीर थकलं, काळ बदलला, की चार-दोन महिने, प्रसंगी चार-दोन वर्षं, गाणं बाजूला ठेवून ते नव्यानं जुळवता आलं पाहिजे. ज्याची चूल त्या रात्रीच्या बिदागीवर पेटते, त्याला हे जमत नाही. म्हणून दीर्घ कारकिर्दीचा प्रश्न जितका गळ्याचा आहे, तितकाच तो पगाराचा, शिकवण्यांचा आणि हक्कांचा आहे.

आधी शरीराचं पाहू. वय वाढतं तशी फुप्फुसांची ताकद उतरते, दमसास कमी होतो. स्वरतंतूंचा लवचीकपणा जातो. बायकांचा आवाज साधारणपणे खाली उतरतो, पुरुषांचा उतारवयात थोडा वर सरकतो आणि पातळ होतो. तार सप्तकातला षड्ज, जो तिशीत सहज लागायचा, तो साठीत मागून घ्यावा लागतो. हे कुणालाच चुकलेलं नाही. पण आपल्या ख्याल गायकीत यावर तोड आहे. आपला षड्ज ठरलेल्या उंचीला बांधलेला नसतो. काळी चारमध्ये गाणारी गायिका दोन पट्ट्या खाली आली, तरी यमन यमनच राहतो. ताना कमी करून आलाप वाढवता येतो, मंद्रात जास्त रमता येतं, बोल-अंगानं बढत करता येते. राग मांडायच्या इतक्या वाटा आहेत की एक बंद झाली तर दुसरी धरता येते. अट एकच : ती वाट शोधायला, पक्की करायला, तिच्यावर पाय स्थिर करायला वेळ हवा. आणि तो वेळ बिनपगारी असतो.

जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांची हकीकत या दृष्टीनं पुन्हा वाचण्यासारखी आहे. तरुणपणी ते माळव्यातल्या अमलेटा या ठिकाणच्या दरबारात गात होते. तिथल्या ठाकुराच्या फर्माइशी थांबेनात, रोज गाणं, सतत गाणं. त्यात त्यांचा आवाज बसला. तो पूर्वीसारखा परत आलाच नाही. जो उरला त्याचा पोत वेगळा होता, जड होता. खाँसाहेबांनी त्या आवाजाला पेलेल अशी गायकी घडवली : पेचदार ताना, लयीशी बांधलेला अखंड विस्तार, अनवट राग. आज आपण जिला जयपूर गायकी म्हणतो, तिच्या मुळाशी एक मोडलेला गळा आहे. या गोष्टीतलं आपण एवढंच सांगतो की प्रतिभावंतानं संकटाचं सोनं केलं. मला त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. थांबू न देणाऱ्या मालकानं गळा मोडला. आणि पुढं ज्या कोल्हापूरच्या दरबारात शाहू महाराजांच्या आश्रयानं त्यांना स्थिर नोकरी मिळाली, तिथं ही नवी गायकी निवांतपणे मुरली. १९२२ साली महाराज गेले. त्यानंतर खाँसाहेब मुंबईत राहिले, त्यांनी तालमी दिल्या, आणि १९४६ साली ते वारले तेव्हा नव्वदीच्या घरात होते. त्यांच्या तालमीतून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर उभ्या राहिल्या. अमलेट्यातच त्यांचं गाणं संपलं असतं, तर विसाव्या शतकातल्या मराठी मैफलीचा अर्धा इतिहास लिहायला उरला नसता.

दुसरं उदाहरण कुमार गंधर्वांचं. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा लहानपणीच देशभर गाजला, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकला आणि ऐन विशीत क्षयानं खिळला. १९४८ साली ते हवापालटासाठी देवासला गेले. पाचेक वर्षं गाणं बंद. एक फुप्फुस जवळजवळ निकामी. या काळात त्यांनी माळव्यातली लोकगीतं ऐकली, टिपली, त्यांच्या धुनांतून रागांची बीजं शोधली. बरे होऊन परत आले तेव्हा लांब पल्ल्याच्या तानांऐवजी छोट्या, झपकन येणाऱ्या ताना आल्या. एका दमात काय मावेल, त्या मापानं त्यांनी नवं शिल्प रचलं. पुढं निर्गुणी भजनं आली, ऋतूंवरचे कार्यक्रम आले, १९६५ साली 'अनूपरागविलास' आलं. ही कथाही सगळ्यांना माहीत आहे. पण या आजारपणात त्यांच्या पत्नी भानुमती देवासला शाळेत नोकरी करत होत्या, हे वाक्य चरित्रात एका ओळीत येऊन जातं. त्या पगाराशिवाय ती पाच वर्षं कशी गेली असती, याचा हिशेब मांडून पाहा. कुमारजींच्या नव्या गायकीच्या श्रेयनामावलीत भानुमतींचं नाव घालायला हवं, असं माझं मत आहे.

किशोरी आमोणकरांचाही आवाज तरुणपणी दीर्घ काळ गेला होता. त्या परतल्या त्या आई मोगूबाईंच्या तालमीची शिस्त घेऊन, पण स्वतःचं वेगळं भावविश्व घेऊन. त्या मधल्या काळात घरात गाणं जिवंत होतं, मोगूबाईंच्या शिकवण्या होत्या. नैराश्य काय आलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत, पण उद्याच्या जेवणासाठी बसलेल्या आवाजात गायची पाळी त्यांच्यावर आली नाही.

आता कुणी म्हणेल, गंगूबाई हनगलांचं काय? योग्य प्रश्न आहे, आणि तो टाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. गंगूबाईंना कुठली ऐपत होती? घर त्यांच्या गाण्यावर चालायचं. हुबळीहून कुंदगोळला आगगाडीनं जाऊन त्यांनी सवाई गंधर्वांकडे तालीम घेतली. जातीवरून अवहेलना सोसली. घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि बारीक, गोड आवाजाची ही गायिका खर्जाच्या, जवळजवळ पुरुषी आवाजाची झाली. सुरुवातीच्या तबकड्या आणि नंतरची ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकली तर एकाच व्यक्तीची आहेत यावर विश्वास बसत नाही. तरी त्या थांबल्या नाहीत. त्याच आवाजाला त्यांनी भारदस्त किराणा गायकी दिली आणि नव्वदी ओलांडेपर्यंत मैफल केली. म्हणजे माझं सूत्र इथं मोडतं का? मला वाटतं, नाही. गंगूबाई टिकल्या म्हणून त्यांचं चरित्र लिहिलं गेलं. त्याच परिस्थितीत, त्याच गावांत, आवाज बदलल्यावर गाणं सोडून दिलेल्या किती जणी असतील, त्यांची चरित्रं कुणी लिहिली? कर्तबगार अपवादावरून नियम काढायचा आणि मग उरलेल्यांना 'जिद्द कमी पडली' म्हणायचं, हा आपला जुना रिवाज आहे. गंगूबाईंना पुष्कळ मान द्यावा. त्यांच्या हालअपेष्टांना मात्र गुरुस्थानी बसवू नये.

ज्यांना थांबता आलं नाही त्यांचं काय झालं, हेही मराठी माणसाला ठाऊक आहे. बालगंधर्वांचा सूर अखेरपर्यंत निर्मळ राहिला, असं त्यांना उतारवयात ऐकणारे सांगतात. पण १९१३ साली उभी केलेली गंधर्व नाटक मंडळी, तिचा थाट, अत्तरं, भरजरी शालू, उंची गालिचे आणि त्यापायी झालेलं कर्ज यांतून त्यांची सुटका झाली नाही. बोलपट आले आणि संगीत नाटकाचा प्रेक्षक पांगला. १९३५ साली ते प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथांच्या भूमिकेत दिसले, पण जीव रंगभूमीतच अडकला होता. साठी उलटल्यावरही त्यांनी तरुण नायिकेची लुगडी नेसली. प्रेक्षकांनी भक्तिभावानं पाहिलं, हे खरं. पण बालगंधर्वांसारख्या गवयानं पन्नाशीत वेश उतरवून ठेवला असता, केवळ बैठकीत बसून गायला असता, शिष्य घडवले असते, तर त्यांच्या उत्तरार्धाकडं आपण इतक्या हळहळीनं पाहिलं नसतं. ते करायला कर्ज फिटलेलं असावं लागतं.

आणि विठाबाई. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. कार्यक्रम चालू असताना पोटात कळा सुरू झाल्या, कनातीमागं बाळंत झाल्या, नाळ दगडानं तोडली आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट महाराष्ट्रात अभिमानानं सांगितली जाते. मला ती ऐकताना अभिमान वाटत नाही. ज्या बाईला बाळंतपणातही रात्रभराची सुटी नव्हती, तिच्या धैर्याच्या कौतुकाआड आपण आपली लाज लपवतो. त्यांना दोनदा राष्ट्रपतिपदक मिळालं. २००२ साली त्या गेल्या त्या आर्थिक ओढगस्तीत, आणि इस्पितळाच्या खर्चासाठी लोकांना वर्गणी काढावी लागली. आज राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो.

त्यांच्या शेजारी वाईच्या यमुनाबाई वाईकरांना ठेवून पाहा. त्यांनाही गरिबी चुकली नाही. पण त्यांची कला बैठकीच्या लावणीची. बसून, एका ओळीवर नाना तऱ्हांची अदा करत, डोळ्यांनी आणि हातांनी अर्थ फिरवत सादर होणारी ही लावणी वयाला साथ देते. उलट वयानं तिची धार वाढते. वयाच्या नव्वदीनंतर, २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली शंभरी पार करून त्या गेल्या. त्यांच्या कलाप्रकारानंच त्यांना बसायची मुभा दिली होती.

आता पैशाकडे वळतो, कारण माझा धंदाच तो. विसाव्या शतकात आपल्याकडच्या गवयाला-वादकाला नियमित पगार देणाऱ्या चार जागा होत्या : संस्थानी दरबार, नाटक मंडळी, आकाशवाणी आणि संगीत विद्यालय. एकाच माणसाच्या आयुष्यात या चारही जागा पाहायच्या तर उस्ताद अहमदजान थिरकवांकडे पाहावं. मुंबईत मुनीर खाँकडे तबला शिकले, गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना साथ केली, मग रामपूर दरबारात राहिले, संस्थानं विलीन झाल्यावर लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवलं, आणि या सगळ्यात आकाशवाणीवर वाजत राहिले. १९७६ साली ते गेले तेव्हा ऐंशी पार होते आणि हात चालू होता. एक आश्रय संपायच्या आत दुसरा उभा होता, म्हणून हे शक्य झालं. पहिली मंडळी बुडाल्यावर मधे दहा वर्षांची पोकळी आली असती तर?

आकाशवाणीचं ऋण आपण फार कमी मानतो. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. सिनेमाच्या गाण्यांवर त्यांनी आणलेल्या बंधनांबद्दल लोक आजही त्यांची चेष्टा करतात, आणि त्या धोरणामुळं श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले हेही खरं. पण संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ साली त्यांच्याच काळात सुरू झाला, आणि शास्त्रीय संगीताच्या कलावंतांना ठरलेल्या श्रेणीनं, ठरलेल्या दरानं, वर्षातून ठरलेल्या वेळा कार्यक्रम मिळू लागले. शिवाय केंद्रांवर नोकऱ्या होत्या. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाड केंद्राशी सल्लागार म्हणून जोडलेले होते. गुरू मंजीखाँ गेल्यावर त्यांनी भूर्जीखाँकडे तालीम पुरी केली, आणि अखिल भारतीय कीर्ती त्यांच्या दारात आली ती वयाच्या साठीच्या आसपास. १९७० साली पद्मश्री, १९७६ साली पद्मभूषण, १९९२ साली, ज्या वर्षी ते गेले त्याच वर्षी, पद्मविभूषण. ज्याचं नाव साठीत होतं, त्याला साठीपर्यंत जगायला काहीतरी लागतं. जितेंद्र अभिषेकी मुंबई केंद्रावर होते. प्रभा अत्रे आकाशवाणीत होत्या, मग एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांनी लेखन केलं, रचना केल्या, शिष्य घडवले. १३ जानेवारी २०२४ रोजी वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या, आणि त्याच दिवशी मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं. यापेक्षा लांब कारकीर्द असू शकत नाही. तिच्या पायाभरणीत दोन सरकारी-निमसरकारी नोकऱ्यांचे दगड आहेत.

नोकरी संगीतातलीच असावी असंही नाही. वसंतराव देशपांडे लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत. कलेची कुचंबणा म्हणून आपण त्या नोकरीकडे पाहतो. पण १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्या नाटकातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेसाठी लागणारा तो पिकलेला, कुणाच्या ओंजळीनं पाणी न पिणारा गळा त्या वयापर्यंत शाबूत राहिला, याला त्या कारकुनीचाही हातभार होताच. पोटासाठी वाटेल ते गायची वेळ नोकरीनं येऊ दिली नाही. 'शुक्रतारा'वाले अरुण दाते वस्त्रोद्योगातले अभियंते होते. भावगीतासारख्या नाजूक प्रकारात त्यांनी फार थोडं आणि निवडक गायलं, कारण नको ते नाकारायची सोय होती.

उतारवयातला दुसरा आधार म्हणजे मागे बसून गाणारा शिष्य. ही व्यवस्था इतकी आपल्या डोळ्यांसमोरची आहे की तिची किंमत कळत नाही. गवयाचा दम संपला की मागून स्वर उचलला जातो. त्या चार मात्रांत म्हाताऱ्या गुरूला श्वास मिळतो आणि पुढची आवर्तनं सुचतात. गंगूबाईंमागे कन्या कृष्णाबाई होत्या, मन्सूरांमागे राजशेखर होते, भीमसेन जोशींमागे माधव गुडींसारखे शिष्य होते. मोठ्या गवयाची शेवटची पंधरा-वीस वर्षं पुष्कळदा दोन गळ्यांवर उभी असतात. यात शिष्य शिकतोही. पण मंडळांच्या हिशेबात या मागच्या गळ्याची नोंद बहुधा 'प्रवासखर्च' या सदरात होते, आणि कधीकधी होतच नाही.

भीमसेनजींनी आणखी एक गोष्ट केली. १९५३ साली गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात जो महोत्सव सुरू झाला, तो त्यांनी आयुष्यभर वाढवला. इतरांना बोलावणारा, ज्येष्ठांना अखेरपर्यंत आदरानं बसवणारा मंच गवयानं स्वतः उभारला. ख्यालाबरोबर संतवाणी, कन्नड दासवाणी, नाट्यपदं यांचा श्रोता त्यांनी जोडला, म्हणून वय झाल्यावर दोन तासांचा बडा ख्याल जमला नाही तरी अभंगाची मैफल भरून वाहत होती.

सिनेमासंगीतात गणित वेगळं. तिथं गायिकेला पट्टी निवडायचा अधिकार फारसा नसतो, आणि श्रोत्याच्या कानात मूळ तबकडी पक्की बसलेली असते. सत्तरीतल्या गायिकेनं विशीतलं गाणं त्याच स्वरात म्हणावं, अशी त्याची अपेक्षा. अशा क्षेत्रात आशा भोसले दशकानुदशकं कशा टिकल्या? १९४३ साली 'माझं बाळ'पासून सुरुवात झाली, आणि २०२४ च्या डिसेंबरात दुबईच्या रंगमंचावर एक्क्याण्णव वर्षांच्या आशाताईंनी नव्या पिढीचं हिट गाणं म्हटलं. मधल्या काळात वळणं पुष्कळ. त्यातलं १९८१ च्या 'उमराव जान'चं वळण सगळ्यांत शिकण्यासारखं. संगीतकार खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. त्यांना ते आधी अवघड वाटलं, पण त्या खालच्या स्वरात पन्नाशीकडे झुकलेल्या आवाजाचं सगळं वजन आणि सावली आली. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चांगल्या संगीतकारानं गायिकेच्या वयाशी भांडण न करता ते कामाला लावलं.

पण गाणाऱ्यांना त्या गाण्यांवर पुढं काय मिळालं? साठच्या दशकाच्या आरंभी लता मंगेशकरांनी गायकांना तबकड्यांवर रॉयल्टी मिळावी, असा आग्रह धरला. महंमद रफींचं म्हणणं, एकदा मोबदला घेतला की विषय संपला. या मतभेदात दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं सोडलं. रफीसाहेबांचा साधेपणा मोठा होता, पण या वादात लताबाईंची बाजू बरोबर होती. तेराव्या वर्षी वडील गेल्यावर घराची जबाबदारी घेतलेल्या मुलीला कळत होतं की गळा म्हातारा होतो, तबकडी होत नाही. कायद्याला हे उमगायला वेळ लागला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्कच नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीत तो आला. २०१२ च्या दुरुस्तीनं ध्वनिमुद्रणाच्या व्यावसायिक वापरावर गायकाला रॉयल्टीचा अधिकार दिला, आणि गीतकार-संगीतकारांना आपला रॉयल्टीचा वाटा निर्मात्याला किंवा कंपनीला लिहून देता येणार नाही अशी तजवीज केली. रॉयल्टी म्हणजे कलावंताचं निवृत्तिवेतन. भारतीय सिनेसंगीताच्या पहिल्या दोन-तीन पिढ्या त्याविना म्हाताऱ्या झाल्या.

आणि ज्यांची नावं वेष्टनावर छापलीच नाहीत त्यांचं काय सांगावं? मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे आणि स्वरलिपी लिहून वाद्यमेळ बांधणारे कितीतरी लोक गोव्याचे होते. अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक, माजोर्ड्याचे. प्यारेलाल यांचे गुरू. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले आणि सिनेमापासून दूर झाले. शिष्यानं 'अमर अकबर अँथनी'मध्ये गुरूचं नाव घेऊन कृतज्ञता व्यक्त केली, हे आपण जाणतो. पण गोन्साल्विसांच्या सोबत्यांची मजुरी दिवसाच्या कामावर होती. ऐंशीच्या दशकानंतर सिंथेसायझर आला, पन्नास व्हायोलिनांचं काम एका कळफलकावर भागू लागलं, आणि पन्नाशीतले उत्तम वादक घरी बसले. हात चांगले होते. हातांखालची जमीन गेली.

आज त्या चार जागांपैकी दरबार आणि नाटक मंडळ्या इतिहासजमा आहेत, आकाशवाणीतली कलावंतांची भरती आटली आहे, विद्यालयांत तासिकेवर शिक्षक नेमले जातात. त्यांच्या जागी आलं आहे ते मोबाइलवरचं संगीत. तिथली मोजणी कशी होते, ते हिशेबनीस म्हणून सांगतो. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक मोजणी. चाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल पुरा ऐका किंवा तीन मिनिटांचं गाणं अर्ध्यावर सोडा, मोजणी एकच. आणि २०२४ पासून तिथं वर्षभरात हजाराच्या खाली मोजणी असलेल्या ध्वनिमुद्रणाला काहीच मिळत नाही. सत्तरीतल्या धृपदियाची किंवा जुन्या पेटीवादकाची अनवट रागाची ध्वनिफीत यात कुठं बसणार? शिवाय या माध्यमाची एक अलिखित अट आहे : सतत दिसत राहा. आठवड्याला काहीतरी टाका, नाहीतर लोक विसरतील. अमलेट्याच्या ठाकुराची फर्माइश निदान तोंडानं यायची. ही फर्माइश न बोलता रात्रंदिवस चालू असते, आणि तरुण कलावंत ती पाळतात. ज्यांच्या गळ्याला दोन महिने विसावा हवा, ते तो घेत नाहीत.

याच माध्यमानं एक चांगली गोष्टही केली, तीही नोंदवली पाहिजे. २०२० साली सभागृहं बंद पडली तेव्हा कितीतरी ज्येष्ठांनी पडद्यावरून शिकवायला सुरुवात केली. पुण्यातली, पणजीतली गुरुमाउली भल्या सकाळी न्यू जर्सीतल्या मराठी मुलीला भूपाचे आलाप देते, आणि ठरल्या तारखेला फी जमा होते. शिकवणीचा हा आधार जुनाच, फक्त त्याला लांबचा पल्ला मिळाला. मैफलीवाचून महिना निघू लागला, हे लहान नाही.

एक गोष्ट राहिली. थांबण्याची ऐपत म्हणजे कायमचं थांबण्याचीही ऐपत. केसरबाई केरकरांनी साठच्या दशकात, गळा शाबूत असताना, जाहीर गाणं बंद केलं. आपल्या गाण्याचा दर्जा उतरलेला लोकांनी ऐकावा, हे त्यांना मान्य नव्हतं. १९७७ च्या सप्टेंबरात त्या वारल्या. त्याच महिन्यात सुटलेल्या व्हॉयेजर यानातल्या सोनेरी तबकडीवर त्यांची भैरवी आहे. कुठं उभं राहायचं आणि कुठं उठायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं. हे स्वातंत्र्य किती कलावंतांना परवडतं? आपल्याकडे बहुतेकांना श्रोत्यांनी उठवलेलं असतं, किंवा औषधांच्या बिलांनी बसवून ठेवलेलं असतं.

तर मग आपण, सभासद-श्रोत्यांनी, काय करावं? सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, ती असावी आणि वेळेवर पोचावी. पण गावोगावच्या संगीत मंडळांच्या हातातही पुष्कळ आहे, आणि ते भाषणापेक्षा जमाखर्चात लिहिलं तर टिकेल. एक, तबला, पेटी, तानपुरा आणि मागचा गळा यांची बिदागी मुख्य कलावंताच्या मर्जीवर न सोडता निमंत्रणपत्रातच लिहावी आणि त्याच रात्री द्यावी. दोन, दरवर्षी साठीपुढच्या एका कलावंताला मैफलीऐवजी आठवडाभर शिकवायला, बंदिशी सांगायला बोलवावं, आणि मैफलीइतकंच मानधन द्यावं. त्यांच्याकडे असलेलं विद्याधन त्यांच्या तार षड्जावर अवलंबून नाही. तीन, उतारवयातल्या गायिकेकडे तिशीतल्या गाण्याच्या चिठ्ठ्या पाठवणं बंद करावं. आज ती ज्या पट्टीत, ज्या लयीत रमते, ते ऐकायला यावं. ऐकणाराही तिच्याबरोबर वाढलेला असेल तर त्याला ते जड जाऊ नये.

चौथी सूचना माझ्या आवडीची. कलावंत आजारी पडला, गळा बसला आणि कार्यक्रम रद्द झाला, की मंडळं आगाऊ रक्कम परत मागतात. त्यामुळं ताप अंगात घेऊन लोक गायला बसतात आणि एका रात्रीपायी वर्षाचा गळा घालवतात. पुढच्या अंदाजपत्रकात 'विश्रांती' या नावाचं एक खातं उघडा. डॉक्टरांनी गाऊ नका म्हटलेल्या कलावंताला आणि त्याच्या साथीदारांना त्यातून ठरलेल्या बिदागीचा निम्मा वाटा द्या, आणि पुढच्या वर्षीची तारीख तिथंच पक्की करा. रक्कम किती ठेवायची ते सभासदांनी बसून ठरवावं. खातं मात्र याच वर्षी उघडावं, एवढी विनंती करतो.